चढणारं आणि सावरणारं

उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचं, हवेत सावकाश एक गोल काढायचा, गोल पुरा होत आला की बोट तिथंच थांबवायचं आणि समोरच्याला विचारायचं, "हे चढतं की सावरतं?"

आमच्या शेजारच्या चीफची ही सवय. तुम्ही त्यांच्याकडे शिडी मागायला गेला असाल किंवा कुणाच्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगायला, हा प्रश्न तुम्हाला चुकला नसता. बरं, उत्तर देऊन सुटका व्हावी, तर तेही नाही. "चढतं" म्हणालात तर "कुठवर?" आणि "सावरतं" म्हणालात तर "कोण सावरतं?" सुरुवातीला मी त्यांना टाळण्यासाठी मागच्या दाराने बाहेर पडायची.

चीफ म्हणजे बोटीवरचे चीफ इंजिनीअर. हयात इंजिनरूममध्ये काढून निवृत्त झाले आणि रत्नागिरीत आमच्या शेजारी, आपल्या जुन्या घराच्या जागी, चिऱ्याचं घर बांधून राहिले. दारावर नावाची पाटी होती, पण पोस्टमनसुद्धा त्यांना चीफच म्हणायचा. माझा आंबापोळी आणि कोकमाचा घरगुती धंदा. त्यांच्या आणि माझ्या अंगणात कमरेएवढा दगडी गडगा. अलीकडे माझ्या पोळ्या उन्हात वाळत पडलेल्या, पलीकडे चीफ खुर्ची टाकून बसलेले. इंजिनांच्या आवाजाने त्यांचे कान कामातून गेले होते, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंही नाक्यावर ऐकू जायचं. मी मागच्या दाराने गेले तरी ते तिथून विचारायचे, "गो, मागून कुठं चाललीस?" मग मी तो नाद सोडला.

हे चढणं-सावरणं काय असतं ते त्यांनी मला गडग्याला टेकूनच समजावलं. समुद्र खवळला की बोटीचं मागचं अंग उचललं जातं आणि पंखा पाण्याबाहेर येतो. पाण्याचा भार गेला की इंजिन सुसाट सुटतं. तेव्हा गव्हर्नर नावाचं एक यंत्र त्याचं तेल कमी करतं. वेग वाढला की तेल कमी, वेग उतरला की तेल जास्त. "हे सावरणं," चीफ म्हणाले. "तो गव्हर्नर नसता तर मी आज तुझ्या पोळ्या खायला इथं नसतो."

"आणि चढणं?"

"माइक स्पीकरसमोर धरला की कसा किंचाळतो? स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा परत स्पीकरमध्ये. आपलाच आवाज खाऊन तो मोठा होत जातो. इंग्रजी पुस्तकात ह्याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात. फसू नको. ताप चढला म्हणून आपण पेढे वाटत नाही."

एकदा हे डोक्यात शिरलं की तुमचंही माझ्यासारखं होईल, सांगून ठेवते. आमच्या आळीत गणपतीची दोन मंडळं. एकाने आवाज वाढवला की दुसरा वाढवणार, मग पहिला आणखी. चढतं. भूक लागली की जेवतो, जेवलं की भूक जाते. सावरतं. एका कुत्र्याचं भुंकणं सगळ्या आळीतली कुत्री उचलून धरतात, ते चढतं. पण शेवटी सगळी दमून झोपतात, म्हणजे त्यातही कुठेतरी सावरणारं बसलेलं असतं. माझ्याकडे कामाला येणारी सुलभा एकदा म्हणाली, "चीफ, मी सासूला एक बोलली तर ती दोन बोलते, मग मी तीन. ह्ये काय?" चीफ गंभीरपणे म्हणाले, "चढणारं. कुणीतरी घरातून बाहेर जायला हवं." सुलभा म्हणाली, "मी रोज येतेच की इकडं."

पण हे सगळं तोंडी लावायला. चीफच्या डोक्यात खरं इंजिन होतं ते पृथ्वीचं. पृथ्वी तापते आहे हे ते गृहीतच धरायचे. त्यांचं कुतूहल पुढचं. तापल्यावर ती काय करते? स्वतःला सावरते, की तापल्यामुळेच आणखी तापते?

नोकरीत ते कधीमधी पार उत्तरेकडच्या बंदरांना गेले होते. तिथलं बर्फ त्यांनी पाहिलं होतं. ते सांगायचे, पांढरं बर्फ ऊन परत फेकतं. ते वितळलं की खालचं काळं पाणी उघडं पडतं आणि काळं पाणी ऊन पिऊन घेतं. पाणी तापलं की आणखी बर्फ वितळणार. इथं बोट गोल फिरायचं. "चढतं," मी म्हणायची. "मी पहिल्यांदा गेलो तेव्हा होतं त्यापेक्षा नंतर कमी वाटलं," ते म्हणायचे आणि लगेच स्वतःलाच दटावायचे, "पण माझ्या चार फेऱ्यांवरून काही ठरत नाही. ते मोजणारे लोक वेगळे." हा माणूस आपलीच गोष्ट अशी अर्ध्यावर तपासायला घ्यायचा, ते मला आवडायचं.

आपल्याकडच्या घामाचंही त्यांनी तसंच केलं. हवा तापली की ती जास्त वाफ धरून ठेवते, आणि ती वाफच पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे हवा आणखी तापली, आणखी वाफ. मी पदराने गळा पुसत म्हटलं, "हे मला कुणी सांगायला नको." ते म्हणाले, "तुला उकडतं ते कळतं. का उकडतं ते मी सांगतोय."

सावरणारंही होतं. दुपारी जमीन तापली की तिच्यावरची हवा वर जाते आणि भाट्याच्या समुद्राकडून खारा वारा आत येतो, जमीन जरा निवते. आणि सर्वांत मोठं सावरणारं म्हणजे खुद्द तापलेपण. आमच्या मागचा उघडा कातळ ते दाखवायचे. संध्याकाळी त्यावर अनवाणी उभं राहिलं तर खालून ऊब येते. "जितका जास्त तापेल तितकी जास्त उष्णता हा वर टाकणार. कुठलीही वस्तू घे. पृथ्वीसुद्धा. हे नसतं तर आपण कधीच शिजलो असतो." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू ती सोय त्यांनीच करून ठेवली आहे.

अडायचं ते ढगांपाशी. खालचे जाड ढग सावली धरतात, म्हणजे सावरतात. वरचे विरळ ढग उष्णता अडवून ठेवतात, म्हणजे चढवतात. जग तापल्यावर कुठले वाढतील, कुठले कमी होतील, ह्याचा हिशेब मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही अजून नीट जुळत नाही, असं ते सांगायचे आणि त्याचा त्यांना फार आनंद व्हायचा. रोज संध्याकाळी मान वर करून बसायचे. मी विचारायची, "चीफ, उद्या ऊन पडेल ना?"

"ते मला कसं कळणार? पण तो वरचा पिंजलेला ढग बघ. तो चढवतो."

"अहो, मला पोळ्या वाळवायच्यात. पृथ्वी नाही वाळवायची."

ह्यावर ते इतक्या मोठ्याने हसायचे की आतून काकू बाहेर येऊन बघायच्या.

आता काकूंचं सांगायला हवं. चीफची बायको. साधी, कमी बोलणारी, पण हात असा की तिने लावलेल्या आढीतला आंबा आळीत ओळखू यायचा. आढी म्हणजे आंबे पिकवायची आपली जुनी रीत: खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. लग्न झाल्यापासून काकूंनी घर एकटीने चालवलं. सासूसासरे, मुलगा मिलिंद, मागची आंब्याची पाच-सहा कलमं, सगळं. चीफ वर्षातले बरेच महिने पाण्यावर. ते कायमचे परत आले आणि पुढच्या काही वर्षांत काकूंना विसरायला होऊ लागलं.

आधी चहात मीठ पडायचं, त्यावर आम्ही हसलो. मग त्या माझं नाव विसरल्या, त्यावरही मी हसून वेळ मारून नेली. मग त्यांचा तो प्रश्न सुरू झाला. तिन्हीसांजा झाल्या की दारात येऊन विचारायच्या, "मिलिंद शाळेतून आला का?"

मिलिंद पुण्याला नोकरीला, त्याची स्वतःची मुलगी कॉलेजात. चीफ म्हणायचे, "अगं, मिलिंद पुण्याला असतो." काकूंच्या चेहऱ्यावर भीती यायची. एवढंसं पोर पुण्याला कसं गेलं? त्या पुन्हा विचारायच्या. चीफना वाटायचं, तिला ऐकू गेलं नाही. ज्याचे कान गेलेले असतात त्याला जगच बहिरं वाटतं. आवाज वाढायचा. "पु-ण्या-ला!" काकू आणखी घाबरायच्या, घाबरल्या की तोच प्रश्न, आणि आवाज आणखी वर. शेवटी काकू मागच्या खोलीत जाऊन रडायच्या आणि चीफ गडग्याशी येऊन ढगांकडे बघत उभे राहायचे. मला त्या वेळी त्यांचा संताप यायचा. साऱ्या पृथ्वीचं चक्र ज्याला दिसतं त्याला आपल्या स्वयंपाकघरातलं दिसू नये?

एक दिवस काकू हातात पिशवी घेऊन थेट भाट्याच्या रस्त्याला लागल्या. मिलिंदला शाळेतून आणायला निघाल्या होत्या. आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या बाईने त्यांना ओळखलं आणि रिक्षात घालून घरी आणलं. त्या दिवसापासून चीफच्या दाराला आतून कडी पडली. खिडक्याही बंद झाल्या, कारण आवाज बाहेर जातो. गडग्यापलीकडची खुर्ची रिकामी राहू लागली. मी काही नेऊन द्यायला गेले तर दार बोटभर उघडायचं आणि चीफ म्हणायचे, "ती झोपलीय." आतून काकूंचं बोलणं ऐकू येत असायचं.

चैत्रात मिलिंद आला. भला मुलगा. जाताना गडग्याशी येऊन म्हणाला, "ताई, बाबांना झेपत नाहीये. दोघंही खंगलीत. पुण्यात एक चांगली संस्था आहे, तिथं आईजवळ सतत माणसं असतील. मे संपताना मी गाडी घेऊन येतो."

"चीफ काय म्हणतात?"

"ते काही बोलतच नाहीत."

ते माझ्याजवळ बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी, दार जेमतेम उघडं ठेवून. "आयुष्यभर मी तिला एकटी टाकून गेलो गो. म्हटलं होतं, उतरलो की तुझ्याबरोबर राहीन. आणि आता उतरलो तर तिलाच पाठवायची?" त्यांना पहिल्यांदाच मी इतक्या हळू बोलताना ऐकलं.

त्या वर्षी मे फार तापला. मिलिंद येणार, म्हणून चीफनी आढी घालायची ठरवली. दर वर्षी काकू घालायच्या. आता काकूंवर कसलंच काम सोपवायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं, तेव्हा स्वतःच बसले. त्यात दिवस थोडे राहिलेले. मग साहेबांनी इंजिनीअरी केली. आंबे एकावर एक थर देऊन रचले, मध्ये मध्ये पिकलेले आंबे घातले म्हणजे बाकीचे लवकर पिकतील, पेंढा दाबून भरला आणि वर ताडपत्री. खोलीची खिडकी बंद होतीच. मला हे तेव्हा ठाऊक असतं तर गडगा ओलांडून गेले असते.

तुमच्यापैकी ज्यांनी आढी घातलीय त्यांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. पिकणारा आंबा आपली ऊब आणि आपला वास सोडतो. त्याने शेजारचा पिकतो, तोही ऊब सोडतो, त्याने पुढचा. थोडी आढी आणि वर हवा असली की ही ऊब निघून जाते. कोंडली की ती वाढतच जाते.

चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी गडग्यावरून हाक आली, "ये गो, बघ काय झालंय!" मी आणि सुलभा धावलो. मला वाटलं, काकूंनाच काही झालं. मागच्या खोलीत चीफ ताडपत्रीचं टोक हातात धरून उभे होते. आतून वाफ यावी तशी ऊब येत होती आणि आंबूस वास. मी पेंढ्यात हात घातला आणि झटकन काढला. आंबे हाताला गरम लागत होते. खालच्या थरातले काळे पडून पाणी सोडत होते.

"चढलं," चीफ म्हणाले. आवाजात हसू होतं, पण चेहरा पडलेला होता. "सगळ्या जगाला सांगत फिरतो, आणि माझ्याच घरात."

तेवढ्यात आमच्या मागून काकू आत आल्या. त्यांनी वास घेतला. कुणाकडे न बघता पुढे होऊन खिडकी ढकलून उघडली, मग पदर खोचून जमिनीवर बसल्या आणि पेंढा बाजूला ओढायला लागल्या. एकेक आंबा उचलायचा, अंगठ्याने जरासा दाबायचा, बरा असेल तो जमिनीवर सुटा ठेवायचा, बिघडलेला मागे टाकायचा. एका आंब्याला दुसरा लागू द्यायच्या नाहीत. सुलभा मदतीला बसली तर तिचा हात बाजूला केला, "असे नाय, देठ खाली." खोलीभर आंबे पसरत गेले. आम्ही तिघं भिंतीला टेकून पाहत होतो.

"कोंडून ठेवलंत तर शिजणारच," काकू आंब्याकडे बघत म्हणाल्या. आणि मग वर पाहून, नेहमीच्या त्या घाबऱ्या आवाजात, "मिलिंद शाळेतून आला का?"

चीफचं तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, आता ओरडणार. पण ते खाली बसले. इंजिनरूममध्ये पाय रोवून उभं राहिलेलं ते धिप्पाड शरीर, गुडघे कुरकुरत, तिच्या शेजारी जमिनीवर. आणि तिच्या कानाशी म्हणाले, "येतोय. वाटेत आहे."

"बरं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा आंबा उचलला.

त्या संध्याकाळी चीफ बऱ्याच दिवसांनी खुर्ची घेऊन बाहेर बसले. माझ्याशी बोलताना बोट वर आलं नाही, दोन्ही हात मांडीवर होते. "तिचा प्रश्न येतो, माझा आवाज चढतो, तिची भीती वाढते, पुन्हा प्रश्न. ह्या चक्रातली ती तर आता बदलणार नाही. उरलो मी. मीच तेल ओतत होतो."

"इतके दिवस लागले कळायला?" मी म्हटलं. माझी जीभ तशी तिखटच.

"कळलं होतं गो. पण लाज वाटत होती. लोकांनी तिला अशी बघू नये असं वाटायचं. म्हणून कडी घातली. कडी घातली की आम्ही दोघंच एकमेकांवर तापायचो."

दुसऱ्या दिवसापासून कडी निघाली. सकाळी चीफ काकूंना हाताला धरून माझ्या अंगणात आणून बसवायचे. माझ्याकडे कामाला चार बायका असतात, त्यांच्यात काकू बसायच्या. रस पसरलेल्या ताटांवरून हात फिरवायच्या, कुणाचा रस जाड पडला तर सांगायच्या. दुपारी कोणी ना कोणी त्यांच्याकडे जायचं. कुणी वेणी घालून द्यायचं, कुणी नुसतंच पान खात बसायचं. काकूंचा प्रश्न गेला नाही. पण चार जणींनी वाटून घेतल्यावर तो पातळ व्हायचा.

चीफना सर्वांत जड गेलं ते खोटं बोलणं. "मी आयुष्यात एकही रीडिंग खोटं लिहिलेलं नाही," ते कळवळून सांगायचे. "आणि आता रोज म्हणायचं, वाटेत आहे." सुलभा म्हणाली, "वाटेतच हाय की वो. पुन्याहून येतोय न्हवं महिनाअखेर?" ह्यावर चीफचा चेहरा इतका उजळला की आम्ही सगळ्या हसलो. मधे दोनदा तोल गेलाही, आवाज आळीभर गेला, काकू रडल्या. पण दार उघडं असल्यामुळे कुणीतरी लगेच आत गेलं आणि ते तिथंच थांबलं.

मिलिंद ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आला. मला जेवायला बोलावलं होतं. आढीतले वाचलेले आंबे ताटात होते. मिलिंद आईच्या समोर बसलेला. काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, मग चीफकडे वळून विचारलं, "मिलिंद शाळेतून आला का?"

मिलिंदचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही. तो म्हणायला गेला, "आई, अगं मी..." चीफनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काकूंना म्हणाले, "आला. हातपाय धुतोय."

मिलिंद उठला. पन्नाशीला टेकलेला माणूस, मागच्या पडवीत गेला, खरोखर हातपाय धुतले, आणि ओल्या हातांनी परत येऊन आईच्या शेजारी बसला. काकूंनी पदराने त्याचे हात पुसले. "उशीर केलास," म्हणाल्या आणि आपल्या ताटातली आंब्याची फोड त्याच्या ताटात घातली. मला रडू आलं, ते मी सरळ रडले.

मिलिंदने गाडी तशीच परत नेली. जाताना वडिलांना एवढंच म्हणाला, "दर महिन्याला येईन."

त्या पावसाळ्यात चीफ पुन्हा पूर्वीसारखे बोलू लागले. मी एकदा मुद्दाम छेडलं, "आढी उघडून पसरता आली. पृथ्वीची खिडकी कुठली?" ढगांकडे बघत ते म्हणाले, "आहे, तिची उष्णता वर आकाशात जाते तीच तिची खिडकी. ताडपत्री आपण घातलीय, धुराची. ती काढणं जमेल की नाही माहीत नाही, पण आणखी घालू नये एवढं तरी कळतं. आणि बोटीचं इंजिन बंद केलं तरी बोट लगेच थांबत नाही, मैलभर पुढे जाते. म्हणून लवकर बंद करायचं असतं." आणि ढगांचं? "ते अजून कळायचंय," असं म्हणताना त्यांचा आवाज एखाद्याला उद्या गावाला जायचं असावं तसा खुशीत होता.

दिवाळीच्या थोडं आधी, दुपारी, त्याच खुर्चीत ते गेले. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मान मागे टेकलेली आणि डोळे वरच्या बाजूला. मला वाटलं, काहीतरी विचारतील. मी गडग्यापाशी तशीच उभी राहिले.

मिलिंद सगळं आवरायला महिनाभर राहिला. काकूंना त्याने खरं सांगितलं. त्या कोसळून रडल्या. तासाभराने दारात येऊन विचारलं, "हे कुठं गेले?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच, पहिल्यांदा ऐकल्यासारखं. दिवसातून कितीदा तरी ती बाई नव्याने विधवा होत होती आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त घाबरत होती. मिलिंद भिंतीला डोकं टेकून म्हणाला, "ताई, मला हे नाही जमत."

दुसऱ्या दिवशी काकू माझ्या अंगणात आल्या. आम्ही आवळे किसत होतो. त्या येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"हे कुठं दिसत नाहीत," त्या म्हणाल्या.

सुलभाची किसणी थांबली. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला एकच गोष्ट सुचली, जी ह्या बाईने तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत ऐकली होती आणि जिच्यावर तिने आख्खा संसार केला होता.

"बोटीवर गेलेत, काकू."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. त्या खाली बसल्या, परातीतला एक आवळा उचलून पुसला.

"सांगून नाही गेले," त्या म्हणाल्या.

"घाईत होते."

"नेहमीचंच." त्या थोडंसं हसल्या. मग गडग्यापलीकडे, जिकडे समुद्र आहे तिकडे मान वळवून विचारलं, "पाणी शांत आहे ना गो?"

"हो काकू," मी म्हटलं. "अगदी शांत आहे."

काकूंनी माझ्या हातातली किसणी घेतली आणि आवळा किसायला लागल्या.